पांढरी पाचचा पंचम

गाणं बिघडलं की लोक आधी तबलजीकडे बघतात, मग पेटीमास्तरकडे आणि शेवटी गाणाऱ्या बाईकडे. पेटीकडे कोणी बघत नाही. पट्टी दाबली की सूर येतो, आणि लाकडी खोक्यातून आलेला सूर खोटा कसा असेल, असं माणसाला वाटतं. या एका गैरसमजाशी भांडण्यात माझी सारी हयात गेली, आणि त्याच गैरसमजावर माझी चूलही पेटली.

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आत, जटपुरा गेटापासून चालत यावं इतक्या अंतरावर आमचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे. आधी अब्बा बसायचे, आता मी बसते. साठी उलटली, चष्मा जाड झाला, गुडघे कुरकुरतात, पण कान ठणठणीत आहेत. नवीन गिऱ्हाईक अजूनही दारात उभं राहून विचारतं, मिस्त्री कुठी आहेत. मीच मिस्त्री, असं सांगितल्यावर ते एकदा दुकानभर नजर फिरवतं, जणू खरा मिस्त्री मी कपाटामागे दडवून ठेवला आहे. आता राग येत नाही. पेटी परत न्यायला येतात तेव्हा हेच लोक "बाई, बाई" करत चहा मागवतात.

ज्यांनी पेटी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रत्येक पट्टीच्या खाली पितळेची एक पातळ जीभ असते. भात्याची हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते, तोच सूर. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. माझा सगळा धंदा या दोन वाक्यांत बसतो. बाकी भात्याला चामडं लावणं, उंदरांनी कुरतडलेलं कापड बदलणं, ही हमाली. कानसीचा हात मात्र जपून चालवावा लागतो, कारण खरवडलेलं पितळ परत चिकटवता येत नाही.

पण किती चढवायचं आणि किती उतरवायचं, हे ठरवतं कोण? आता फोनवरही दिसतं. माझ्याही फोनमध्ये ते आहे, आणि मी ते वापरते, उगाच खोटं कशाला बोलू. पण अब्बांनी मला शिकवला तो पंचमाचा फेरा. एक पट्टी घ्यायची, तिला सा म्हणायचं आणि तिचा पंचम लावायचा. मग त्या पंचमालाच सा म्हणायचं आणि त्याचा पंचम लावायचा. असं पुढे पुढे जात राहिलं की पेटीतल्या बाराही पट्ट्या, काळ्या आणि पांढऱ्या, एकेकदा भेटतात आणि आपण निघालो तिथंच परत येतो. सगळी पेटी सा आणि प या दोनच सुरांच्या जोरावर लागते. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही, इतका आनंद झाला होता.

आनंद फार टिकला नाही. पंचम बरोबर लागला की दोन सूर एकमेकांत विरघळतात. जरा चुकला की त्यांच्यामध्ये एक लहर उठते, वंव वंव अशी. माझा कान तरुण होता आणि डोक्यात हवा होती. मी पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, सुरुवात केली आणि प्रत्येक पंचम असा लावला की लहर औषधालाही राहिली नाही. अकरा पंचम लागले. बारावा, पांढरी चारवरून परत पांढरी एकवर यायचा, तो असा केकाटला की शेजारच्या शिलाईवाल्यानं मशीन थांबवलं.

मला वाटलं, पांढरी चारची जीभ खराब असेल. ती बदलली. तरी तेच. मग ती जीभ पांढरी एकशी जुळवून घेतली, तर तिच्या मागचा पंचम बिघडला. तो सुधारला तर त्याच्या मागचा. दिवसभर मी ती एक खोट काठी घेऊन पेटीभर हाकलत होते, आणि ती या पट्टीवरून उठून त्या पट्टीवर जाऊन बसत होती. अब्बा समोर बसून भात्याला सरस लावत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. शिकवायची त्यांची हीच रीत होती, आणि त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी एका भजनी मंडळाची पेटी पोचवायला आम्ही दोघं सावलीला निघालो. काळीपिवळीनं गेलो. आमच्याकडची काळीपिवळी म्हणजे तुमच्याकडची वडाप. भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधी वाटत नाही. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मूलच्या स्टँडवर आणखी एक दणकट बाई धानाची पिशवी घेऊन चढली. ड्रायव्हर मागे न बघताच म्हणाला, सरका जी थोडं थोडं. सगळे सरकले. कोणी खांदा आखडला, कोणी गुडघा वळवला, आणि बाई बसली.

अब्बा घरी हिंदीत बोलायचे, पण कामाचं बोलणं नेहमी इथल्या मराठीत. त्यांनी मला विचारलं, "हे बाई कुठी बसली?"

मी म्हटलं, सगळ्यांच्या मध्ये.

"कोनाच्या मांडीवर बसली का?"

नाही.

"कोनाले तरास झाला?"

सगळ्यांनाच झाला थोडा, मी म्हटलं, पण कोणाला फार नाही.

"मंग पेटीत काऊन एकाच्याच मांडीवर बसवून राह्यली तू बाराव्याले?"

सावली येईपर्यंत मी बोटांवर पंचम मोजत होते. बारा पंचम अगदी निर्मळ लावत गेलं तर फेरा पुरा होत नाही, थोडंसं उरतं. ही माझी चूक नव्हती, जिभेचीही नव्हती. सुरांचा स्वभावच तसा आहे. उरलेलं एका ठिकाणी टाकलं की तिथं केकाटतं. म्हणून प्रत्येक पंचमानं जरासं सरकायचं, इतकंच की लहर उठते न उठते. मग बाराही बसतात, आणि गाणारा कुठल्याही पट्टीला सा धरून गाऊ शकतो. परत आल्यावर मी पेटी लावली. अब्बांनी वाजवून बघितली आणि म्हणाले, चल, जेवून घे. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे शाबासकी समजायची.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्याच पेट्या अशा लावाव्यात. लावतात जास्त करून. पण सगळे सरकले की कोणीच ऐसपैस बसत नाही, तसं या पेटीत काही खटकत नाही आणि काही फार गोडही लागत नाही. ज्या गाणाऱ्याची पट्टी ठरलेली असते, जो जन्मभर एकाच सा वरून गाणार, त्याच्यासाठी अब्बा जुन्या तऱ्हेनं लावायचे. त्याचा सा, त्याचा पंचम आणि त्यांच्या आजूबाजूचे सगळे अगदी निर्मळ. उरलेली खोट ते त्याच्या सा पासून फेऱ्यात जास्तीत जास्त लांब, पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवायचे, जिथं त्याचं गाणं कधी जाणारच नाही. अशी पेटी वाजली की अंगावर काटा येतो. मी त्या गोडीची खोटी तारीफ करत नाही, पुढे काय झालं ते सांगायचं आहे म्हणून सांगते.

त्याआधी गिऱ्हाइकांची थोडी मजा सांगू द्या. मोहर्लीच्या एका रिसॉर्टवाल्यानं जुनी पेटी मागितली. वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना बसण्याच्या खोलीत गावाकडचं काहीतरी दिसावं म्हणून. मी म्हटलं, लावून देते. तो म्हणाला, वाजली नाही तरी चालेल, पॉलिश तेवढं चकचकीत पाहिजे. मी त्याला पेटी दिली नाही. माझ्या दुकानातून मुकी पेटी जात नाही. पहिल्या चार जणांना मी हे वाक्य मोठ्या ऐटीत सांगितलं, पाचव्यानं विचारलं की मग भाडं कशातून भरतेस, तेव्हा सोडून दिलं.

भामरागडकडच्या एका भजनी भाऊंची तऱ्हा वेगळी. ते ऐन आषाढात पेटी घेऊन आले आणि परत गेल्यावर नद्यांना पूर आला. रस्ता तुटला. पेटी तयार, पण न्यायला येणार कोण? दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा, रेंज मिळावी म्हणून कुठल्याशा टेकडीवर चढून केलेला. म्हणायचे, बाई, वाजवून दाखवा जरा, बंद राह्यली तं रुसन ते. मी फोन पेटीवर ठेवून एक भजन वाजवायचे. पलीकडून टाळ्यांचा आवाज यायचा, म्हणजे टेकडीवर ते एकटे नसायचे. इतका भक्त श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

आता कुसुमबाई. झाडीपट्टीची नाटकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या माहीत असतील, फक्त मी नाव बदललं आहे. धान कापून झालं, मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा भरायला लागल्या की वडशाहून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. कुसुमबाई त्यातल्या गाणाऱ्या नायिका. त्यांचा सा काळी चार, आवाज कोवळा पण धारदार, आणि पंचमावर ठेहराव असा की शेवटच्या रांगेतला माणूस बिडी विझवून ऐकायचा. त्यांची पेटी स्वतःची होती. कंपन्या बदलल्या, पेटी बदलली नाही. ती अब्बांनी खास त्यांच्या काळी चारसाठी लावली होती, आणि त्यांच्या हातची ती शेवटची मोठी पेटी.

अब्बा गेल्यावर त्या दर वर्षी दिवाळीआधी पेटी माझ्याकडे आणायच्या. मी भाता बघायचे, धूळ काढायचे, एखादी जीभ हलली असेल तर अब्बांनी ठेवली होती तिथं परत आणायचे. त्या पेटीत माझा स्वतःचा असा एकही सूर मी घातला नाही. आम्ही दोघी त्या पेटीशी, आमच्यात दर्ग्यावर जसं वागतात, तसं वागत होतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर पेटीऐवजी त्यांचा फोन आला. "नसीम, पेटी विकाची आहे. एखांदं चांगलं गिराईक पाय."

मी विचारलं, काऊन बाई?

"माहा सूर गेला. आता ठेवून का करू?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पावसाळ्यात त्यांना मोठं दुखणं आलं होतं. बऱ्या झाल्या, पण आवाज खाली आला. काळी चार ताणावी लागायला लागली, म्हणून त्यांनी एकच पट्टी उतरून पांढरी पाचला सा धरला. गाणाऱ्यांच्यात यात लाज नाही, वयाबरोबर सगळेच उतरतात. पण पांढरी पाचवर त्यांचा पंचम लागेना. तालमीत सगळे म्हणू लागले, बाई पंचमावर चढतात, पेटीला सोडून जातात. ज्या पंचमासाठी लोक बिडी विझवायचे, तोच. कंपनीचे मालक देवरावभाऊ भला माणूस, त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. पण पोस्टर छापायला जायचं होतं. गाणी एका नव्या मुलीला द्यायची आणि कुसुमबाईंना आईचं काम द्यायचं, ज्यात रडणं भरपूर आणि गाणं एकही नाही, असं ठरत आलं होतं. एक शेवटची तालीम बाकी होती.

मी पिशवीत हत्यारं टाकली आणि चांदा फोर्ट स्टेशनवरून वडशाची गाडी धरली. खरं सांगते, पेटी तपासायला म्हणून मी गेलेच नव्हते. बाईंच्या जवळ त्या दिवशी कोणीतरी आपलं असावं, एवढ्यासाठी गेले. हत्यारं सवयीनं आली.

तालमीच्या खोलीत कुसुमबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून. पेटीमास्तरनं पांढरी पाचचा सा दिला, शेजारी प्रशांतभाऊ कीबोर्डवर होते. त्या गायला लागल्या. सा आला, गंधार आला, आणि पंचमावर गेल्या तशी ती ओळखीची लहर उठली, वंव वंव. देवरावभाऊंनी मान खाली घातली. कुसुमबाईंनी गाता गाताच पंचम थोडा खाली ओढला, पेटीला भेटायला. आता तो कीबोर्डशी भांडायला लागला. दोन्हीकडून मार खात त्या गात होत्या. मला वाटलं, गेला सूर, खरंच गेला.

मग माझ्या कानाला काहीतरी टोचलं. हाच केकाट मी आधी ऐकला होता, आमच्या दुकानात, अठरा-एकोणीस वर्षांची असताना.

मी म्हटलं, पेटी बंद करा, कीबोर्ड बंद करा. बाई, नुसता सा म्हणा आणि पंचमावर जा. त्यांनी म्हटला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. पंचम असा उभा राहिला की त्यावर छप्पर टाकावं.

"बाई बरोबर आहे," मी देवरावभाऊंना म्हटलं. "पेटी खोटी आहे."

ते दचकले. "कशी खोटी राहीन? मिस्त्रीनं लावली हाये ते."

तिथंच सगळं अडलं होतं. अब्बांनी लावलेल्या पेटीला बेसूर म्हणायची छाती त्या खोलीत कोणाची नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून बाईंना बेसूर ठरवलं होतं. बाईंनी स्वतःही तेच केलं होतं. दुसऱ्या कोणाची पेटी असती तर पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हटलं असतं, ही भंगारात घाला.

मी समजावू लागले, पण घाईत मला धड बोलता येईना. तेव्हा प्रशांतभाऊ मदतीला आले. त्यांनी फोनवर एक चित्र काढलं, घड्याळासारखं गोल, बारा आकड्यांच्या जागी बारा सूर. इंग्रजी पद्धतीनं शिकणारे याला सर्कल ऑफ फिफ्थ्स म्हणतात, ते म्हणाले, मी कीबोर्डच्या क्लासात पाठ केलं होतं. मी बघतच राहिले. हा तर आमच्या अब्बांचा फेरा. इतकी वर्षं मी तो कानानं फिरले होते, डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते. त्या चित्रात काळी चारवर बोट ठेवलं आणि पांढरी पाच शोधली. पट्ट्यांवर दोघी अंगाला अंग लावून बसतात. फेऱ्यात पांढरी पाच पार पलीकडे होती, आणि तिच्या पुढची पांढरी दोन, म्हणजे तिचा पंचम, काळी चारच्या बरोब्बर समोर. अब्बांनी खोट नेमकी पांढरी पाच आणि पांढरी दोनच्या मध्ये ठेवली होती. काळी चारवर गाणारी ही बाई तिथं कशाला जाईल, असं त्यांना वाटलं असणार. बाईंनी एकच पट्टी खाली पाय टाकला आणि त्या थेट खोटीत उतरल्या.

हे सगळ्यांना पटलं. कुसुमबाईंना सर्वांत आधी पटलं, कारण त्यांचा गळा त्यांना आतून सांगत होताच. पण मी पेटी उघडायला पुढे झाले तशी त्यांनी झाकणावर हात ठेवला.

"मिस्त्रीच्या सुराले कानस नोको लावू, नसीम. मी आईचं काम करतो. कराव लागते कधी ना कधी."

मला त्यांचा राग आला आणि अब्बांची आठवणही आली. मी म्हटलं, "अब्बानं पेटी तुमच्या गळ्यासाठी लावली होती, बाई. गळा खाली आला तं पेटीनं याव खाली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात काढायला बराच वेळ लागला, पण काढला.

आता दोन रस्ते होते. खोट तिथून उचलून दुसरीकडे टाकायची आणि पांढरी पाचसाठी पेटी पुन्हा तशीच गोड करायची, हा एक. त्यात बाई खूश झाल्या असत्या आणि माझी वाहवा झाली असती. पण गळा एकदा उतरायला लागला की थांबत नाही. पुढे काळी तीन लागेल, मग पांढरी चार. दर वेळी खोट हाकलत फिरायचं, आणि एखाद्या वर्षी मी नसले तर? मी दुसरा रस्ता धरला. सगळ्यांना सरकवायचं.

पेटी उघडली आणि पांढरी दोनची जीभ काढून उजेडात धरली. ती उतरवलेली होती. मुळाशी अब्बांच्या कानसीच्या रेघा होत्या, बारीक, एकसारख्या, एकही वाकडी नाही. मला ती चढवायची होती, म्हणजे टोकाशी खरवडायची. रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण रडताना तसंही सूर ऐकू येत नाही, थांबावंच लागतं. मग डोळे पुसले आणि पहिली रेघ ओढली. त्या जिभेवर आता मुळाशी अब्बा आहेत आणि टोकाशी मी.

मग फेरा सुरू केला. सगळी दुपार गेली. देवरावभाऊंनी तालीम थांबवून सगळ्यांना चहाला पिटाळलं; कुसुमबाई तेवढ्या तिथंच बसून राहिल्या. मी एकेक पंचम लावत होते, किंचित आखडता, लहर उठते न उठते असा. बाईंचा कान काय सामान्य, त्यांना प्रत्येक सूर हलताना कळत होता. काळी चारवर आले तेव्हा त्या म्हणाल्या, हे गेली आता. मी हो म्हटलं. तो जुना गोडवा खरंच गेला, मीच तो खरवडून काढला, आणि आजही कुठं तसा सूर कानावर पडला तर हळहळ वाटते. अशा पेट्या लावणारे हात आता या भागात उरले नाहीत. मला येतं, पण मागणारं कोणी येत नाही.

शेवटचा पंचम मी पांढरी चारवरून पांढरी एकवर आणला. गपचूप बसला. तरुणपणी ज्या जागी शेजाऱ्याचं मशीन थांबलं होतं, ती जागा आता ओळखूही येत नव्हती. मी स्वतःशीच हसले. कोणी बघितलं नाही ते बरं झालं.

चहा पिऊन मंडळी आली. पेटीमास्तरनं पांढरी पाच धरली, कुसुमबाई उठून बसल्या, पदर खोचला आणि गायल्या. पंचमावर गेल्या आणि थांबल्या. थांबून राहिल्या. पेटी, कीबोर्ड आणि गळा यांच्यात लहर नव्हती. आवाज पूर्वीइतका कोवळा नव्हता, थोडा खरखरीत झाला होता, पण मला तर तो जास्तच आवडला. देवरावभाऊ उठून बाहेर गेले. खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू आला, पोस्टरवाल्याशी फोनवर बोलत होते. "नाव तेच ठेव गा. वरतंच ठेव."

परतीच्या गाडीत मी आख्ख्या डब्याकडे अशा तोऱ्यानं बघत होते, जणू रेल्वे आमच्या अब्बांची आहे. ते माझं सर्वांत चांगलं काम. माझ्या हातची सर्वांत गोड पेटी वेगळी आहे. पण एवढं बरोबर काम मी दुसरं केलं नाही, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

यंदा दिवाळीच्या आधी कुसुमबाई नेहमीप्रमाणे दुकानात आल्या. आता नायिका नाहीत, पण गाणी त्यांचीच आहेत. आईचं काम करतात आणि त्यांच्यासाठी नाटकातल्या आयांना गाणी घालावी लागतात. पेटी मांडून बसल्या आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "औंदा पांढरी चार."

मी भाता बघितला, झाकण पुसलं आणि पेटी परत त्यांच्यापुढे सरकवली.

"उघडाची नाई?"

नाही, मी म्हटलं. गाऊन बघा.

त्यांनी पांढरी चारचा सा धरला आणि पंचमावर गेल्या. तो तिथं होता. डोळे मिटून त्या तिथं थांबल्या, आणि बाहेर रस्त्यावरून जाणारा एक माणूस दारात थांबला. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, मिस्त्री असते तं का म्हटलं असतं गं?

मी म्हटलं, अब्बांनी आधी विचारलं असतं, बारावा कुठी बसला.

त्यांना ती काळीपिवळीची गोष्ट मी वडशाला सांगितली होती. त्या खूप हसल्या. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी पेटीच्या सगळ्या पट्ट्या वाजवल्या, काळ्या, पांढऱ्या, एकही न सोडता. कोणीच कोणाच्या मांडीवर नव्हतं.